घरची पुस्तकं विकायला काढताना

सगळा संग्रह रद्दीवाल्याला किलोवर घालण्याआधी रहस्यकथांचा गठ्ठा बाजूला काढा. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथांसारखी स्वस्त कागदावरची पुस्तकं लोकांनी वाचून फेकली, म्हणून आज धड प्रत सहज मिळत नाही. मुखपृष्ठ शाबूत हवं. पिन गंजलेली चालेल, पण फाटलं म्हणून सेलोटेप लावू नका.

माझ्याकडच्या एका प्रतीच्या मुखपृष्ठावर पिस्तूल रोखलेली बाई, मागे प्रेत, प्रेताच्या पायात चकचकीत बूट. कथेत मात्र तो बिचारा अनवाणी मरतो! ती काही विकवली नाही.

बाकीच्यांच्या मुखपृष्ठाचा आणि आवृत्तीच्या पानाचा फोटो दोन-तीन जुन्या पुस्तकवाल्यांना पाठवा, मगच भाव बोला. वाचनालयाचा शिक्का असेल तर आधीच सांगा. गाइडं खुशाल रद्दीत.