सेंडकीज भलतीकडेच टाइप करतंय? हे बघा

एक्सेलचा मॅक्रो नोटपॅड सोडून दुसरीकडेच टाइप करतोय ना, मग घोळ बहुतेक फोकसचा असणार, कारण सेंडकीज (मॅक्रोतून की दाबल्यासारखं टाइप करणारी कमांड) प्रोग्राम बघतच नाही, जी विंडो पुढे असेल तिच्यात सगळं ओततं. आधी ॲपॲक्टिव्हेटला (विंडो पुढे आणणारी कमांड) विंडोचं टायटल द्या, मग ॲप्लिकेशन डॉट वेटने १-२ सेकंद थांबा. मॅक्रोचा कोड लिहितो त्या एडिटरमधून एफ५ दाबून टेस्ट करू नका, माझा अख्खा पत्ता एकदा कोडमध्येच टाइप झाला होता! शीटवरच्या बटणाने चालवा. +, ^, %, ~ महिरपी कंसात टाका, नाहीतर १०% मधला % म्हणजे ऑल्ट की दाबली असं धरलं जातं. समोरचा प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल तर की पोचतच नाहीत. आणि नमलॉक आपोआप बंद झालं तर कीबोर्ड बदलू नका, ते सेंडकीजचंच जुनं दुखणं आहे.