पुरात बुडालेल्या इमारतीचं मायक्रोवेव्ह स्कॅनिंग: माणसं येण्याआधीची तयारी

सांगलीच्या गावभाग, खणभागातल्या ज्या इमारतींचे खालचे कॉलम ऑगस्ट २०१९ मध्ये पाण्यात होते, त्यांच्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या कोटेशनमध्ये रडार किंवा मायक्रोवेव्ह स्कॅनिंग लिहिलेलं असेल, तर तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर बघा. यात काँक्रीटमध्ये रेडिओ लहरी सोडून परत येणाऱ्या लहरी वाचतात, आणि त्यांवर सगळ्यात जास्त परिणाम पाण्याचा होतो. डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे पदार्थ या लहरींना किती मंदावतो त्याचा आकडा, कोरड्या काँक्रीटचा साधारण ४ ते ६, पाण्याचा ८० च्या आसपास. म्हणून गळती शोधायची असेल तर पावसाळा संपता संपता बोलवा. सळई, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), पोकळ्या बघायच्या असतील तर फेब्रुवारी-मार्च बरा. त्याआधी ओव्हरफ्लो होणारी टाकी आणि ठिबकणारे पाइप दुरुस्त करून भिंती सुकू द्या.

जुने नकाशे शोधा. नाहीच सापडले तर निदान पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ प्रत्येक कॉलमवर खडूने मारून ठेवा. त्याच कॉलमचं रेघेखालचं आणि वरचं रीडिंग शेजारी ठेवलं की बरंच कळतं.

स्कॅनिंगसाठी गिलावा फोडायची गरज नसते. मात्र कॉलम-भिंतीच्या सांध्यावर गिलाव्यात चिकन मेश (तारेची जाळी) असेल तर आधीच सांगा, कारण लहरी धातूच्या पार जात नाहीत. लोखंडी कपाटं हलवा, फॉल्स सीलिंगचे पत्र्याचे चॅनेल उतरवा. गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगला अॅल्युमिनियमचा थर असेल, तर स्लॅब खालूनच तपासावा लागेल.

आता मुख्य गोष्ट. नुसत्या स्कॅनवरून काँक्रीटची ताकद आकड्यात सांगणाऱ्याला कोटेशन परत द्या. ताकदीसाठी कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेले गोल नमुने, काढावेच लागतात. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) जोडीला चालतो, पण त्याला गिलावा काढलेला, घासलेला, कोरडा पृष्ठभाग लागतो, आणि कार्बोनेशन झालेल्या (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वरचा थर कडक झालेल्या) जुन्या काँक्रीटवर तो जास्तच आकडा दाखवतो. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार (आयएस ४५६:२०००) कोअर तीनपेक्षा कमी नकोत. त्यांची सरासरी अपेक्षित ताकदीच्या किमान ८५ टक्के हवी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. क्रम मात्र करारात लिहून घ्या: आधी स्कॅन, मग सळया चुकवून कोअर. उलटं केलं तर कॉलमची सळईच कापली जायची.

कोअर मशिनला वीज आणि पाणी दोन्ही लागतं, चिखल होतो. तळमजल्याच्या दुकानदारांना आदल्या दिवशीच सांगा. भोकं नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आकसणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणाने) भरून देण्याचा खर्च कोटेशनमध्ये आहे का, तेही बघा. बहुतेकदा नसतो.