वाचलेलं वचन त्याच दिवशी वापरात आणायचं कसं

नाशिकच्या बहुतेक ख्रिस्ती घरांत पवित्र शास्त्राच्या दोन-तीन प्रती सापडतात: एक लग्नात भेट आलेली, एक आजीची कडा झिजलेली आणि एक मोबाइलमध्ये. म्हणजे अडचण प्रतीची नाही. सकाळी सातला वाचलेलं अकरा वाजता आठवत नाही, ही खरी अडचण. याकोबाने ती आरशाच्या दाखल्याने सांगितली आहे (याकोब १:२२-२५). माणूस आरशात तोंड पाहतो, निघून जातो आणि आपण कसे दिसत होतो हे लगेच विसरतो. त्यावर उपाय साधा आहे, पण रोज करावा लागतो. थोडं वाचा, त्यातून एकच काम काढा आणि त्या कामाला माणसाचं नाव व वेळ लावा.

किती वाचायचं आणि कुठून

जानेवारीच्या १ तारखेला उत्पत्तीपासून सुरुवात करणारे बहुतेकजण निर्गमच्या २५ व्या अध्यायापाशी अडखळतात. तिथून निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापं सुरू होतात, मग लेवीय येतं आणि वाचन बंद पडतं. पहिल्यांदा नेम धरणाऱ्याने मार्कपासून सुरुवात करावी. मार्कचे १६ अध्याय, याकोबाचे ५, फिलिप्पैकरांस पत्राचे ४. रोज एक धरला तर २५ दिवसांत तीन पुस्तकं पूर्ण होतात आणि नेम अंगवळणी पडतो. पुढे सगळा नवा करार घ्यायचा असेल तर हिशेब सोपा आहे: एकूण २६० अध्याय, आठवड्याला पाच धरले की बरोबर ५२ आठवडे. शनिवार-रविवार मोकळे राहतात, राहिलेलं त्यात भरून निघतं. सातपूर-अंबडला पाळीत काम करणाऱ्यांना ही मोकळीक फार उपयोगी पडते, कारण रात्रपाळीच्या आठवड्यात 'सकाळ' कधी होते हेच ठरलेलं नसतं. त्यांनी वाचन घड्याळाला न बांधता कामाला बांधावं: घरी आल्यावर, हातपाय धुऊन, चहाच्या आधी.

नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत. आज १४ तारीख असेल तर चौदावा अध्याय, इतकं सोपं. मात्र हे मुख्य वाचनाच्या जोडीला असावं, त्याऐवजी नव्हे.

कॅथलिक कुटुंबांना वेगळी योजना शोधायची गरज नाही. मिस्साचे (चर्चमधल्या मुख्य उपासनेचे) रोजचे पाठ ठरलेले असतात. रविवारचे पाठ तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचं शुभवर्तमान वाचून ठेवलं तर मिस्साला ते ओळखीचं होऊन कानावर पडतं.

रोजच्या वाचनासाठी भाषांतर एकच ठेवा, म्हणजे शब्द तोंडात बसतात. अर्थ अडला की दुसरं उघडा. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली छापून झालं. कमी शिकलेल्या बायकांनाही कळावं हा त्यामागचा हेतू होता. वचन पोचण्यासाठी एका बाईने उतारवयापर्यंत किती कष्ट उपसले हे ध्यानात ठेवून शास्त्र हातात घेतलं की वाचनात आपोआप आदर येतो.

वहीचे चार रकाने

शंभर पानी साधी वही पुरते. पानावर चार रकाने आखा. पहिल्यात तारीख आणि वचनाचा संदर्भ. दुसऱ्यात ते वचन काय सांगतं ते तुमच्या बोलीत, एका वाक्यात. पुस्तकातलं वाक्य उतरवून काढू नका. स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नसेल तर अजून कळलेलं नाही, पुन्हा वाचा. तिसऱ्यात आजचं काम. चौथा रकाना रात्रीसाठी: झालं किंवा नाही.

सगळा भार तिसऱ्या रकान्यावर आहे, आणि चुका तिथेच होतात. समजा मत्तय ५:२३-२४ वाचलं. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा. यावर बहुतेकजण लिहितात, 'सर्वांशी प्रेमाने वागायचं.' हे काम नव्हे. रात्री त्याच्यापुढे 'झालं' लिहिता येत नाही आणि 'नाही' लिहायलाही मन होत नाही. असं लिहा: 'दादाला फोन. वाटणीच्या वेळी वहिनींसमोर टाकून बोललो, त्याची माफी. रात्री आठला, जेवायच्या आधी. जमिनीचा विषय काढायचा नाही.' शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. माफी मागता मागता 'पण तूही त्या वेळी' सुरू झालं की समेट बाजूला राहतो आणि जुनं भांडण नव्याने पेटतं. कुठे थांबायचं हे आधीच लिहून ठेवा.

प्रत्येक उताऱ्यातून काम निघेलच असं नाही. काही स्तोत्रं फक्त स्तुतीची आहेत. तिथे 'स्तुती' एवढं लिहून रकाना मोकळा सोडा. ओढूनताणून काम काढायला लागलं की आठवड्याभरात वहीचा कंटाळा येतो.

आणि काम हाताला लागेल असं असावं. उघड्या-उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घे' म्हणून वाटेला लावलं तर काय लाभ, असं याकोब विचारतो (२:१५-१६). 'तुमच्यासाठी प्रार्थना करतो' हे वाक्य तोंडातून निघालं की पाठोपाठ स्वतःला विचारा: डबा, रिक्षाचं भाडं की दवाखान्यात एक रात्र, यातलं काय देता येईल? नाशिकच्या शरणपूरचं नावच आश्रयाची जागा सांगतं. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा मिळाला, आणि त्यांना अक्षरओळखीबरोबर हातचे धंदेही शिकवले गेले. इथे शिकलेला जेकब वेनराइट १८७३ साली आफ्रिकेत शोधप्रवासी आणि मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मृत्यूच्या वेळी त्यांच्या लोकांत होता, आणि त्यांचं हृदय तिथे पुरताना प्रार्थना त्यानेच वाचली. यशया ५८:६ मधलं 'जोखड मोडणं' शिकवणीच्या आणि कारागिरीच्या रूपाने माणसांपर्यंत पोचतं, ते असं.

एका वचनावर घर बांधू नका

काम ठरवण्याआधी वचनाच्या मागच्या-पुढच्या दहा ओव्या (म्हणजे क्रमांकांची वचनं) वाचा, आणि त्याच विषयावर शास्त्रात दुसरीकडे काय आहे ते पाहा. नीतिसूत्रे ११:२६ सांगतं की धान्य अडवून ठेवणाऱ्याला लोक शाप देतात. लासलगाव-निफाडकडचा शेतकरी उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवतो, तो या वचनाखाली दोषी ठरतो का? उत्पत्ती ४१ वाचा. सुकाळाच्या वर्षांत पाचवा हिस्सा साठवायला योसेफानेच सांगितलं. म्हणजे साठवणं पाप नाही. भुकेल्याला गरज असताना केवळ भाव चढावा म्हणून कोठार बंद ठेवणं पाप. एका वचनाच्या जोरावर शेजाऱ्याला दोषी ठरवणं सोपं असतं, म्हणूनच हा पडताळा आधी.

उलट काही वचनं आपल्या मातीत उभं राहून वाचली की लख्ख उघडतात. योहान १५ हा अध्याय द्राक्षबागेत काम केलेल्याला शिकवावा लागत नाही. फळ देणाऱ्या फाट्याला पिता 'साफसूफ' करतो, असं मराठी शास्त्रात आहे. दिंडोरीच्या बागेत एप्रिलची खरड छाटणी बघा: हिरवा वेल खुंटांपर्यंत उतरवतात, कापलेल्या टोकातून पाणी टपकत राहतं आणि बाग उजाड दिसते. पण पुढच्या हंगामाची घडधारणा होणारी काडी त्यातूनच तयार होते. ऑक्टोबरला फळछाटणी, आणि मग घड. सरीत पडलेली कापलेली काडी मात्र वाळत जाते. तिला घड येत नाही, कारण ती वेलाला नाही. अध्यायात 'माझ्यामध्ये राहा' हे पुन्हा पुन्हा येतं ते याच अर्थाने. इथून तिसऱ्या रकान्यात काम काढायचं असेल तर विचारा: माझ्या दिवसातला कोणता फुटवा नुसता पाला वाढवतो? रात्रीचा मोबाइलचा एक तास? मंडळीतली (चर्चमधली) तिसरी समिती? एकच निवडा आणि कापा. आणि बाराव्या ओवीपर्यंत जा. तिथे आज्ञा एकमेकांवर प्रीती करण्याची आहे, म्हणजे फळ कोणतं ते सांगून ठेवलेलं आहे.

मजुरी आणि जामीन

पैशाच्या ठिकाणी वचन सगळ्यात कमी पाळलं जातं, म्हणून इथे जरा थांबू.

मजुराची मजुरी सकाळपर्यंत तुमच्याकडे राहू नये (लेवीय १९:१३), सूर्य मावळण्याआधी द्यावी (अनुवाद २४:१४-१५), आणि अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते (याकोब ५:४). पेठ-सुरगाण्याकडून बागांवर टोळ्या येतात. मजुराने मधेच सोडून जाऊ नये म्हणून थोडे पैसे मागे ठेवायची रीत अनेक ठिकाणी आहे. व्यवहारात ती शहाणपणाची वाटते, पण याकोबाने नाव घेऊन निषेध केला आहे तो याच गोष्टीचा. आठवडी हिशेब ठरला असेल तर बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पूर्ण रक्कम द्या, उचल वजा करून, मजुरासमोर मोजून. हिशेब मुकादमाच्या वहीत आणि तुमच्या वहीत त्याच वेळी लिहा. घरकामाच्या ताईंचा पगारही ठरल्या तारखेलाच. आपला पगार उशिरा झाला हे त्यांना कारण सांगू नये. त्यासाठी एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम कायम बाजूला ठेवावी.

दुसरी जागा म्हणजे पतसंस्थेचा जामीन. मंडळीतला भाऊ सही मागतो आणि 'ख्रिस्ती असून नाही कसं म्हणणार' या भिडेने सही होते. नीतिसूत्रे ६:१-५ आणि २२:२६-२७ या विषयावर अगदी स्पष्ट आहेत: फेडायला काही नसेल तर तुझं अंथरूण का जावं? नियम असा ठेवा की पूर्ण रक्कम आपण स्वतः भरू शकत असू आणि घरच्यांना माहीत असेल, तरच सही. नाहीतर नम्रपणे नाही म्हणा, आणि झेपेल तेवढी छोटी रक्कम मदत म्हणून हातात द्या, परतीची अपेक्षा न ठेवता. दानासाठी १ करिंथ १६:२ ची रीत सोयीची: आठवड्याच्या पहिल्या दिवशीच पाकिटात वेगळं काढायचं. महिनाअखेरीला उरलेल्यातून देऊ म्हटलं तर उरत नाही.

घरची उपासना: बारा मिनिटं

जेवणानंतर करू म्हणून ठेवलेली उपासना पेंगत होते, म्हणून जेवणाच्या आधी, ताटं घ्यायच्या वेळी बसावं. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातलं एक गीत किंवा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं एखादं भजन, दोन कडवी. मग आठ-दहा ओव्या, वाचणारा रोज वेगळा, अडखळत वाचणारं मूलसुद्धा. मध्ये उच्चार सुधारू नका. मग एकच प्रश्न: यात देव कुणाला काय करायला सांगतो? प्रत्येकाने एक वाक्य प्रार्थना. संपलं.

उपासना मोडते ती लांबीने आणि टोमण्याने. वडील प्रवचन द्यायला लागले, किंवा दिवसभरातला मुलांचा राग प्रार्थनेतून काढला ('प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे'), की मुलं दोन आठवड्यांत सबबी शोधू लागतात. इफिस ६:१ मुलांना वाचून दाखवायचं असेल तर ६:४ वडिलांनी स्वतः मोठ्याने वाचावं: मुलांना चिडीस आणू नका. ५:२२ बायकोसाठी काढणाऱ्याने आधी ५:२१ आणि ५:२५ वाचावं. सुनेला, मुलाला, शेजाऱ्याला मारायची काठी म्हणून वचन कधीच उचलू नये.

आळीतले शेजारी

दिवाळीचा फराळ हा पाहुणचार आहे. आनंदाने घ्या आणि नाताळात करंज्यांचं ताट परत पाठवा. प्रसादाबाबत १ करिंथ ८ आणि १०:२५-२९ घरात बसून एकदा पूर्ण वाचा, पाळकांशी किंवा फादरांशी बोला आणि काय करायचं ते आधीच ठरवा. दारात उभं राहून ठरवायला गेलं की घाईत कुणाचं तरी मन दुखावतं. घेत नसाल तर हात जोडून 'आमच्यात चालत नाही, राग मानू नका' एवढं पुरे. श्रद्धेवर भाष्य नको. विचारलं तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायचं, हे १ पेत्र ३:१५ मध्येच सांगितलं आहे. गंगेला (गोदावरीला) पूर आला की घाटावरच्या दुकानदारांचा गाळ उपसायला जा. यिर्मया २९:७ शहराच्या कुशलासाठी झटायला आणि प्रार्थना करायला सांगतं, आणि शहरात सगळेच आले.

चौथा रकाना रिकामा राहिला तर

राहिलेलं काम दुसऱ्या दिवशीच्या ओळीत पुन्हा लिहा, नवं काम घेऊ नका. तीन दिवस सलग राहिलं तर काम मोठं आहे किंवा भीती मोठी आहे. मोठं असेल तर तोडा: माफी मागायची नसेल जमत, तर आज फक्त 'कसा आहेस' विचारायला फोन. भीती असेल तर ती एकट्याने वाहू नका. मंडळीतला एक विश्वासू सोबती निवडा, बायकांनी बाई, पुरुषांनी पुरुष, आणि आठवड्यातून वीस मिनिटं वही उघडून त्याच्यासमोर बसा (याकोब ५:१६). त्याने सल्ला द्यायचा नाही, अडलेली ओळ वाचून एवढंच विचारायचं: हे केव्हा करतोस? वार आणि वेळ ठरली की तिथेच ती वहीत लिहून दोघांनी प्रार्थना करायची, आणि त्या वेळी सोबत्याने फोन करायचा.