दुआर्ननेत नवीन आलात? बसा, सांगतो

दुआर्नने म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनीतलं मासेमारीचं बंदर. जवळच्या कँपेर शहरात रेल्वेतून उतरलात की पुढे बस. दुआर्ननेपर्यंत रेल्वे येत नाही. नावाच्या शेवटी झेड लिहितात, पण बोलताना गिळतात. लाँग-स्टे व्हिसा फ्रान्समध्ये पाऊल ठेवल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो. मी शेवटच्या आठवड्यावर टाकलं आणि झोप उडवून घेतली. घर शोधायला उन्हाळ्यात येऊ नका, भाडी सुट्टीवाल्यांची असतात. त्रिस्तान बेटावर ओहोटीला चालत जाता येतं, मात्र भरतीचं वेळापत्रक खिशात हवं. शाकाहारी असाल तर कुट्टूच्या पिठाची गालेत, म्हणजे पातळ धिरडं, आहे, आणि क्विन्यमान. तो केक म्हणजे निम्मं लोणीच!

सार्डिन हा आपल्या तारलीचा भाऊबंद. ती डब्यात भरणाऱ्या इथल्या बायकांना ‘पेन सार्दिन’ म्हणतात. नोव्हेंबर 1924 मध्ये त्यांनी संप केला तेव्हा तासाला 80 सांतीम मिळत (शंभर सांतीमचा एक फ्रँक). जानेवारीत एक फ्रँक पदरात पाडूनच त्या कामावर परतल्या. हे इथली माणसं आपणहून, रंगवून सांगतात. युद्धाचं तसं नाही.

18 जून 1940 च्या रात्री ‘त्रेबूलिस्त’ ही इथली मासेमारी नौका शंभराहून अधिक शिकाऊ वैमानिकांना घेऊन इंग्लंडकडे निघाली. जर्मन सैन्य तेव्हा अगदी जवळ येऊन ठेपलं होतं. महापौर दानिएल ल फ्लांशेक 1944 मध्ये बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत मरण पावले. पलीकडच्या सँ बेटावरचे बहुतेक कर्ते पुरुष त्याच जूनअखेर होड्यांनी इंग्लंडला पोचले. मुक्तिलढ्याचा सर्वोच्च बहुमान मिळालेल्या पाच गावांत ते इवलंसं बेट आहे.

एवढं माहीत असू द्या, पण कुणाच्या आजोबांनी तेव्हा काय केलं, हे पहिल्या भेटीत विचारू नका. कुणी समुद्रापार गेलं, कुणी चार वर्षं जर्मनांच्या नजरेखाली जाळी विणली, आणि दोन्ही घरं आजही एकाच गल्लीत आहेत. मी विचारून बसलो होतो. समोरच्या म्हाताऱ्यांनी कॉफी संपवली, “वारा फिरला,” म्हणाले आणि उठून गेले.

8 मेला, युरोपातलं दुसरं महायुद्ध संपल्याच्या दिवशी, सुट्टी असते. झोपून राहू नका, स्मारकापाशी जाऊन मागे उभे राहा. कुणी काही विचारत नाही, पण कोण आलं ते सगळे बघतात. मी गेलो, त्यानंतरच्या आठवड्यात त्याच म्हाताऱ्यांनी धक्क्यावर हाक मारली आणि बांगडे माशांची पिशवी हातात दिली. पैसे घेतले नाहीत. साफ केलेले नव्हते. घरात एक चांगली सुरी आधीच आणून ठेवा.