फाउंडेशनकडे अर्ज करताय? आधी संस्थेचं कपाट उघडा

"मॅडम, फक्त प्रपोजल इंग्रजीत करून द्या, बाकी सगळं रेडी आहे." यवतमाळच्या तालुक्यांतून महिन्याला असे दोन-तीन फोन येतात. मी विचारते, शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, ताजा उतारा आहे का? "तो सीएकडे असंल." नसतो.

आमच्याकडेही नव्हता. कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, पाण्याच्या कामासाठी एका फाउंडेशनची माणसं दोन दिवस राहून गेली. भाकर-झुणका खाल्ला, विहिरी पाहिल्या, काम आवडलं. मग कागदांची यादी आली. उताऱ्यावर सात विश्वस्त. त्यातले दोघं वारलेले, एक मुलाकडे पुण्याला. त्यांच्या जागी तिघांना ठराव करून घेतलं होतं, सभेच्या वहीत सह्याही होत्या. पण धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची कळवणी, कोणी दिलाच नव्हता. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे तो बदल झाल्यापासून 90 दिवसांत द्यावा लागतो. आम्ही चार वर्षं झोपलो होतो. मग विलंबमाफीचा अर्ज, मृत्यूचे दाखले, तारखेवर तारीख. बदल मंजूर होईस्तोवर मार्च उलटला आणि पैसे दुसऱ्या जिल्ह्यात गेले. पोडावरच्या बाया कितीतरी दिवस विचारत होत्या, "ते पाहुणे आलते, त्यायचं काय झालं?"

तेव्हापासून ठराव झाला की पेढ्याआधी नव्वदावा दिवस मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिते. दरवर्षी ऑडिट हातात आलं की त्याच आठवड्यात नवा उतारा काढते, लागो न लागो.

आयकराचे 12ए (संस्थेला करसवलत) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) हे दाखले 2021 पासून मुदतीचे झाले आहेत. बहुतेकांना पाच वर्षांचे मिळाले. दाखल्यावरची तारीख आज वाचा.

कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, हवा तर सीएसआर-1 हा नोंदणी क्रमांक लागतोच. परदेशी पैसा असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी. "मोठ्या संस्थेच्या खात्यातून वळवून घेऊ" हा मार्ग 2020 च्या दुरुस्तीने बंद झाला, तरी अजून कोणीतरी चहावर सुचवतंच.

अंदाजपत्रकात कार्यकर्तीचं मानधन शून्य टाकून त्याग दाखवू नका. पोडावर एसटी जात नाही. मोटरसायकलचं पेट्रोल कोण भरणार ते लिहा.

मंजुरीआधी दहा टक्के मागणारा एजंट दारात उभा करू नका. तो ज्या ईमेलवरून अर्ज भरतो तो त्याचा असतो, तुमचा नाही.

आता माझ्या खास रागाची चूक: वेळापत्रक. तयार नमुना कुठून तरी उतरवतात, त्यात महिलांचं प्रशिक्षण ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्याकडे तेव्हा सोयाबीनची सोंगणी, ती आटोपते न आटोपते तोच कापसाची वेचणी. किलोमागे मिळणारी मजुरी सोडून बाई तुमच्या चार्टपेपरसमोर बसेल? मेळघाटात कामाला बाहेर गेलेली माणसं होळीला गावी येतात. जानेवारीत गावसभा लावली तर म्हातारी माणसं आणि लेकरंच सापडतील. आणि मे महिन्यात दुपारी दोनचं सत्र लिहिणाऱ्याने ते आधी स्वतः चंद्रपुरात घेऊन दाखवावं.

नवख्यांना हे सांगितलं की म्हणतात, "पैसे तर येऊ द्या, मग तारखा बदलू." मग सहामाही अहवालात चाळीसऐवजी नऊ बाया दिसतात आणि दुसरा हप्ता अडकतो. मी अर्ज लिहायला बसण्याआधी गटाच्या अध्यक्षबाईंकडे जाते आणि बारा महिने त्यांच्या तोंडून लिहून घेते. गेल्या खेपेला फाउंडेशनच्या बाईंचा फोन आला तो त्याच पानावरून: "नोव्हेंबर रिकामा का ठेवलाय?" म्हटलं, वेचणी आहे. त्यांनी "वेचणी म्हणजे काय" विचारलं आणि आम्ही अर्धा तास त्यावरच बोललो. पैशाचा विषय त्यांनीच शेवटी काढला.