सिलिक्वा ओळखताना आधी मागची बाजू बघा

चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातलं रोमन चांदीचं नाणं, म्हणजे सिलिक्वा, हातात आलं की चेहऱ्यावरून सम्राट ओळखायच्या फंदात पडू नका. सगळे एकाच छापाचे: डोक्याला मोत्यांची पट्टी, तोंड उजवीकडे. ज्युलियन आणि युजीनियस तेवढे दाढीमुळे वेगळे पडतात, तेही ज्युलियनच्या सुरुवातीच्या नाण्यांवर दाढी नसतेच.

नाणं उलटा आणि अगदी तळाची अक्षरं भिंगाखाली वाचा. 'टीआरपीएस' असेल तर टांकसाळ (नाणी पाडायचा कारखाना) आजच्या जर्मनीतल्या ट्रियरची, 'एमडीपीएस' असेल तर मिलानची. शेवटचं 'पीएस' म्हणजे शुद्ध केलेली चांदी. मग चित्र. बसलेली रोमा देवी आणि भोवती 'उर्ब्स रोमा' (म्हणजे रोम शहर) असेल, तर व्हॅलेन्स किंवा ग्रेशियन या सम्राटांपासून शोध सुरू करा. (नाण्यावरच्या अक्षरांत 'यू'च्या जागी 'व्ही' कोरलेला असतो, गोंधळू नका.)

वजन साधारण 2 ग्रॅम हवं. बरंच कमी भरलं आणि कडेची अक्षरं अर्धवट कापलेली दिसली, तरी लगेच नकली ठरवू नका. ब्रिटनमध्ये चांदी काढून घ्यायला कडा सर्रास कातरत, चेहरा मात्र शाबूत ठेवत. 1992 मध्ये इंग्लंडच्या सफोकमधल्या हॉक्सनला सापडलेल्या साठ्यातली बहुतेक सिलिक्वा अशीच आहेत.