स्टारशिपच्या कादंबरीवर गप्पा कशा रंगवायच्या: आधी स्पीड विचारा, मग पाणी

लातूरकडं चार-सहा जण जमून सायन्स फिक्शनवर बोलायलेत म्हणलं की घोळ ठरलेला, एकजण म्हणतो "असं कुठं असतंय का राव", दुसरा लगेच "अरे कादंबरीच हाय ना ती", अन् झालं, चर्चा खलास. म्हणून स्टारशिपची, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याकडं निघालेल्या यानाची, एकच कादंबरी धरा, सगळ्यांनी पुरती वाचून या (अर्धवट वाचणाऱ्याकडं चहाचं बिल) आणि "आवडली का" हे एकदम शेवटी विचारा.

सुरुवात स्पीडपासून. यान किती वेगानं चाललंय ते पुस्तकातून शोधून कागदावर लिहा. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं लांब. नासाचं व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला साधारण १७ किमी जातंय, त्या हिशोबानं तिथवर जवळपास ७५ हजार वर्षं. मग लेखकानं यातून वाट कशी काढली, ते बोला. वार्प बिर्प (प्रकाशापेक्षा जोरात पळायची कादंबरीतली युक्ती) असेल तर भांडू नका, एवढी एक सूट द्यायची, फक्त अडचण आली की तो स्वतःचेच नियम गुपचूप बदलतोय का तेवढं पकडा. प्रकाशाच्या ८० टक्के वेग असेल तर यानातला वेळ हळू चालतो, प्रॉक्सिमापर्यंत पोचायला पृथ्वीवर ५.३ वर्षं जातात अन् यानात ३.२, मग घरी राहिलेल्या माणसांचं काय झालं हे लेखकाला सुचलंय का? मला तर खरी गोष्ट तिथंच वाटते.

पिढ्यान्‌पिढ्या चालणारं यान असेल तर मात्र सरळ पाण्यावर या. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेल्या माणसांनी हा प्रश्न नाही विचारायचा तर कुणी! स्पेस स्टेशनवर ९८ टक्के पाणी परत वापरात येतंय, नासानं २०२३ मध्ये सांगितलं. भारी वाटतं, पण दर फेरीला शंभरातले दोन लिटर गेले तर ३४-३५ फेऱ्यांत निम्मं गायब, आणि यानाला तर समजा दोनशे वर्षं जायचंय. वाटेत बर्फाचा धूमकेतू पकडणार का, टाक्या केवढ्या, लेखकानं एक ओळ तरी लिहिलीय का बघा. अन् पाणी कमी पडल्यावर वाटप कोण ठरवतंय, कॅप्टनच्या खोलीला वेगळा नळ हाय का, हे विचारलं की आतापर्यंत गप्प बसलेले काका-मावशी बी बोलायला लागतात.